पोल्ट्रीच्या भट्टीला गॅस बर्नर: सत्तरीतल्या कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे आत गेल्यावर ही पोल्ट्री लागते. रोजच्या मरतुकीच्या कोंबड्या जाळायला मालकांनी दोन कप्प्यांची जुनी भट्टी घेतली होती. खालच्या कप्प्यात कोंबड्या जळायच्या आणि वरच्या कप्प्यात धूर पुन्हा पेटून साफ व्हायचा, अशी तिची रचना. दोन्हीकडे डिझेल बर्नर होते. वरचा अजून चालतो. खालचा केव्हाच बंद पडला, तेव्हापासून खाली लाकडं घालून काम चाललंय.

पावसात लाकडं ओली असतात आणि मेलेल्या पक्ष्याच्या वजनात दोन तृतीयांश पाणीच असतं. ओल्यावर ओलं पेटवायचं म्हणजे नुसता धूर. तो वर जात नाही, शेजारच्या कुळागरात पोफळींमध्ये अडकून बसतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली ती योग्यच होती.

ठरलं असं की खालच्या कप्प्याला गॅस बर्नर बसवायचा आणि वरचा डिझेल बर्नर ठेवायचा. मालकांना म्हटलं, परवानगीच्या कागदात इंधन बदलल्याचं लिहून घ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधी कळवा, मगच सामान मागवू. आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली. अचानक एकदम जास्त पक्षी मेले तर ते या भट्टीत घालायचे नाहीत. आधी पशुवैद्यकीय खात्याला फोन करायचा.

भट्टी उघडून बघितली. विटा बऱ्या आहेत, पण खालच्या बर्नरच्या तोंडाचं कास्टेबल (धग सोसणारं काँक्रीट) पूर्ण फुटलंय. राखेच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलंय.

९ ऑगस्ट

बर्नर ताशी ६०,००० किलोकॅलरीचा घेतला. एक किलो एलपीजीत साधारण ११,००० किलोकॅलरी धरल्या तर पूर्ण ज्योतीवर ताशी साडेपाच किलो गॅस जाईल.

आधी एका ठिकाणी जुना बर्नर निम्म्या किमतीत मिळत होता. त्याच्या गॅसच्या लाइनवर एकच सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारा, वीज गेली की बंद होणारा) होता आणि पंख्याची हवा येते का ते बघणारा प्रेशर स्विच वायर जोडून कायमचा 'चालू' करून ठेवला होता. मालकांना तो घ्यावासा वाटत होता. मी नको म्हटलं. ज्याने आधी वापरला त्याने सुरक्षेची एक गोष्ट तारेने बांधून ठेवली असेल, तर दुसरं काय केलंय ते वरून दिसत नाही.

नवा बर्नर बेळगावहून चोर्ला घाटातून आला. सोबत गॅस लाइनचं सामान: हाताचा बॉल व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, कमी आणि जास्त दाबाचे स्विच, एकामागे एक दोन सोलेनॉइड. सगळे मिळून ८५ हजारांच्या आसपास. फिल्टर यादीत होता, पेटीत नव्हता. विचारल्यावर 'मागाहून पाठवतो' असं उत्तर मिळालं. पुढे त्याची किंमत मोजावी लागली, ते ६ सप्टेंबरच्या नोंदीत आहे.

१६ ऑगस्ट

सिलिंडरची जागा ठरवली. कामगार म्हणत होते, भट्टीमागच्या खोलगट कोपऱ्यात ठेवू, पाऊस लागणार नाही. तिथे नाही ठेवले. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की पाण्यासारखा खाली वाहत जाऊन खोलगटात साचतो. शेडच्या पलीकडे, गटारापासून दूर, उंच चौथऱ्यावर चिऱ्यांच्या तीन भिंती बांधल्या. पुढून जाळीचं दार, वर पत्रा. भिंतीत जमिनीलगत हवेला भोकं सोडली. गवंडी ती वर सोडत होता, 'हवा वरून जाते' म्हणून. त्याला कारण सांगितल्यावर त्याने स्वतःच रांगेत सहा चिरे काढून खाली जागा केली.

सिलिंडर १९ किलोचे व्यावसायिक. घरगुती १४.२ किलोचे अशा कामाला वापरणं बेकायदा आहे, तो विषयच काढू नये. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंत गॅस ठेवता येतो, म्हणून जास्तीत जास्त पाच सिलिंडर, म्हणजे ९५ किलो, ही मर्यादा दारावर रंगवून घेतली.

२४ ऑगस्ट

पाइप घातला. सी-क्लास लोखंडी पाइप, शक्य तिथे वेल्डिंगचे जोड, आट्यांचे जोड कमीत कमी. आट्यांना नळकामाची पातळ पांढरी टेप लावली नाही, गॅससाठीची जाड पिवळी वापरली. सिलिंडरपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (सगळे सिलिंडर जिथे एकत्र जोडतात तो पाइप) होस आयएसआय शिक्क्याचे, आयएस ९५७३ चे. प्रत्येकावरची तारीख वाचून वहीत लिहिली.

संध्याकाळी दाबाची चाचणी घ्यायची होती आणि कॉम्प्रेसर आला नव्हता. वेल्डर आपला ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत घेऊन आला. म्हणाला, 'यातूनच दाब देऊ, पाच मिनिटांचं काम.' त्याचा हात नळीवर होता तेव्हाच थांबवलं. पाइपमध्ये आटे पाडताना लागलेलं तेल असतं. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं की ठिणगीचीही गरज नसते, पाइप फुटतो. वेल्डर अनुभवी आहे, पंधरा-वीस वर्षं हेच काम करतोय, आणि त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथे मुद्दाम लिहितो: चाचणी हवेने किंवा नायट्रोजनने करा. ऑक्सिजनने कधीच नाही, आणि एलपीजीनेही नाही.

परवापासून सगळे चवथीला घरी जाणार. २७ तारखेला चतुर्थी. काम तसंच बंद ठेवलं, पाइपची दोन्ही टोकं झाकणं लावून बंद केली.

६ सप्टेंबर

कॉम्प्रेसर आला. लाइन दाबात ठेवून साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड भिजवला. दोन जोड फेसाळले, आवळले, पुन्हा पाहिले. रात्रभर दाब टिकला.

खरी गोष्ट पुढे आहे. बाहेरची गळती सगळे बघतात. व्हॉल्व्ह बंद असताना आतून गळतो का, ते फार थोडे बघतात. सोलेनॉइडनंतरच्या चाचणीच्या टोकाला बारीक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं. दोन्ही सोलेनॉइडची वीज बंद. पहिल्यापर्यंत दाब दिला. पाणी स्थिर. मग पहिला उघडून दुसरा बंद ठेवला, तेही स्थिर. मग दुसरा उघडून पहिला बंद ठेवला आणि पेल्यात एक बुडबुडा वर आला. थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा, सारख्या अंतराने. आधी पाहिलं तेव्हा पलीकडचा दुसरा व्हॉल्व्ह पहिल्याची गळती झाकत होता.

पहिला सोलेनॉइड उघडला. त्याच्या रबरी बसक्यावर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो तिथे, पाइप कापल्यावर राहिलेला लोखंडाचा बारीक कीस रुतलेला होता, नखाने काढता येईल इतका. फिल्टर असता तर तिथेच अडकला असता. बसका कायमचा खरचटला होता, म्हणून व्हॉल्व्हच बदलला. साडेसहा हजार आणि वाट बघण्यात आठवडा. नवा येईपर्यंत सगळी लाइन सोडून कॉम्प्रेसरच्या हवेने झाडली. पांढऱ्या फडक्यावर जो काळा चुरा पडला तो मालकांना दाखवला. फिल्टर स्थानिक दुकानातून घेतला.

बंद भट्टीत असा एकेक बुडबुडा रात्रभर जात राहिला, तर सकाळी ठिणगी देणाऱ्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. दोन व्हॉल्व्ह एकामागे एक असतात ते याचसाठी, आणि दोन्ही वेगवेगळे तपासायचे तेही याचसाठी.

१३ सप्टेंबर

बर्नरच्या तोंडाचं कास्टेबल घातलं. जुनं फोडून काढलं, स्टीलचे नवे अँकर वेल्ड केले. पाणी मोजून घातलं. गवंड्याला सिमेंटसारखं सैल कालवायची सवय असते, त्याच्याकडून बादली काढून घ्यावी लागली. बर्नरची नळी कास्टेबलच्या तोंडात, भट्टीपासून थोडी मागे सरकलेली ठेवली, म्हणजे भट्टीची धग थेट बर्नरच्या डोक्यावर येत नाही. फ्लॅन्जमध्ये सिरॅमिक फायबरची गादी. बर्नर बिजागरीवर बसवला, बाजूला वळवून साफ करता यावा म्हणून. बिजागरीला लिमिट स्विच लावला, त्यामुळे बर्नर नीट बंद नसेल तर वीजच मिळत नाही. भट्टीच्या दारालाही तसाच स्विच.

पाऊस थांबत नाही. कास्टेबल वाळतंय असं वाटत नाही.

२० सप्टेंबर

या कामात सगळ्यात जास्त वेळ जिथे घालवावा असं मला वाटतं ते इथे लिहितो.

पेटवण्याआधी आत साचलेला गॅस बाहेर काढायला हवा मारतात. बर्नरच्या कंट्रोलरमध्ये त्याची वेळ ३० सेकंद बसवलेली आहे. कंपनी देते म्हणजे पुरेशी असेल, असं कुणालाही वाटेल. आम्ही टेपने भट्टी मोजली. खालचा कप्पा १ घनमीटर, वरचा आणि धुराची वाट मिळून आणखी १. एकूण २. पेटवण्यापूर्वी आतली हवा निदान चार वेळा बदलली पाहिजे, म्हणजे ८ घनमीटर. बर्नरचा पंखा ताशी ८० घनमीटरच्या आसपास हवा देतो. ३० सेकंदांत जेमतेम पाऊण घनमीटरही होत नाही. एकदासुद्धा हवा बदलत नाही! ८ घनमीटरला सहा मिनिटं लागतील.

बर्नरच्या आतल्या वायरिंगला हात लावायचा नव्हता. भट्टीचा स्वतःचा हवेचा ब्लोअर आहे, पाटीवर ताशी २५० घनमीटर. हिशेबाने दोन मिनिटं पुरतात, पण पाटीवरचा आकडा आणि जुन्या ब्लोअरची खरी हवा यांत फरक असतो, म्हणून टायमर चार मिनिटांवर ठेवला. ब्लोअरच्या नळीवर वेगळा हवेचा प्रेशर स्विच बसवला. पट्टा तुटून मोटर नुसती फिरत राहिली तर टायमर पुढे सरकणार नाही. राखेच्या खड्ड्यात हवा पोचावी म्हणून एक नळी तिथे उतरवली, कारण जड गॅस बसणार तो तिथेच.

पॅनेलमधला क्रम असा लावला: दार बंद, ब्लोअरची हवा आहे, चार मिनिटं पूर्ण, मग वरचा डिझेल बर्नर. वर ८५० अंश झाले की खालच्या गॅस बर्नरला परवानगी. मधे काहीही सुटलं, किंवा खालचा लॉकआउट झाला (ज्योत न ओळखल्याने बर्नर स्वतःच बंद पडला), तर सगळं बंद आणि चार मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

भट्टी चालवणारा मुलगा म्हणाला, गरम असताना पुन्हा चार मिनिटं कशाला, थंड होईल. त्याला सांगितलं, अर्धवट गरम भट्टी सगळ्यात वाईट. आत लालभडक असेल तर गॅस येताक्षणी पेटतो. अर्धवट असेल तर साचत राहतो आणि मग कुठल्यातरी तापलेल्या विटेला लागतो.

पॅनेलचं काम १४ हजार.

२ ऑक्टोबर

दसरा. मालकांची इच्छा होती की यंत्रपूजेच्या दिवशीच बर्नर पेटवावा. भट्टीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, बर्नर पेटवला नाही. कास्टेबल अजून ओलं आहे. आतल्या पाण्याची एकदम वाफ झाली की तोंडाचे तुकडे उडतात. घरातल्या मोठ्या काकी म्हणाल्या, 'पूजा झाली ना, मग आग उद्या लागली तरी देवाला चालतं.' त्यामुळे विषय संपला.

६ ऑक्टोबर

कोळशाच्या छोट्या विस्तवाने तोंड सुकवलं. पहिला दिवस ११० अंशांच्या आसपास, तिथेच धरून ठेवलं. बाहेरच्या पत्र्याला सोडलेल्या बारीक भोकांतून वाफ येत होती. ती थांबेपर्यंत तापमान वाढवलं नाही. मग हळूहळू वर. एक केसासारखी भेग आली, ती चालते.

९ ऑक्टोबर

पहिली पेटवण. दारासमोर कुणीही उभं राहायचं नाही हे आधी ठरवलं, पॅनेल बाजूला आहेच. सगळा क्रम बरोबर चालला. गॅस उघडला, ज्योत दिसली, निळी, छान. तीन सेकंदांत बंद. लाल दिवा.

पुन्हा क्रमाने चार मिनिटं, पुन्हा ज्योत, पुन्हा तीन सेकंदांत बंद.

सगळ्यांचा हात रीसेटकडे जातो. ज्योत तर दिसतेय, मग दाबत राहू, कधीतरी धरेल. हिशेब करून दाखवला. तीन सेकंदांत साडेचार ग्रॅमच्या आसपास गॅस आत जातो, म्हणजे सुमारे दोन लिटर वायू. ज्या दिवशी ठिणगी पडत नसेल त्या दिवशी हा सगळा न जळता आत राहतो. हजार लिटरच्या कप्प्यात एका वेळी ०.२ टक्के. एलपीजी हवेत १.८ टक्के झाला की स्फोटक होतो. हवा न मारता नऊ वेळा दाबलं की तिथे पोचलो. राखेच्या खड्ड्यात तर त्याच्या कितीतरी आधी. म्हणून नियम केला आणि पॅनेलवर लिहिला: रीसेट एकदाच. दुसऱ्यांदा लाल दिवा लागला की बॉल व्हॉल्व्ह बंद करून कारण शोधायचं.

कारण असं निघालं. त्या दिवशी वीज नव्हती, सगळं जनरेटरवर चालू होतं. हा बर्नर ज्योत ओळखतो ती ज्योतीतून अर्थला जाणाऱ्या अगदी बारीक करंटवरून. मायक्रोअँपिअर मीटर लावला, जनरेटरवर शून्य. संध्याकाळी वीज आली तेव्हा त्याच ज्योतीला १२. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला कुठेच जोडलेला नव्हता, त्यामुळे त्या करंटला परतीची वाटच नव्हती. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या दिवशी न्यूट्रल एका ठिकाणी अर्थ केला, अर्थिंगचा खड्डाही नवा केला. त्यानंतर जनरेटरवरही ज्योत टिकली. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तरी हेच लक्षण दिसतं, तेही तपासून घ्या.

१२ ऑक्टोबर

वरच्या कप्प्याचं तापमान पॅनेलवर कमी दिसत होतं, चालकाचा अंदाज आणि आकडा जुळेना. जुन्या के-टाइप थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या तारेला) मधे साधी तांब्याची वायर जोडलेली निघाली. जोडाची डबी भट्टीजवळ गरम होते आणि तितकं तापमान आकड्यातून कमी होतं. योग्य कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची) घातली. ती पहिल्यांदा उलटी लागली, तर डबी तापेल तसा आकडा खऱ्यापासून आणखी मागे पडू लागला. सरळ केली, जुळलं.

१८ ऑक्टोबर

दोन सिलिंडर जोडून पूर्ण घाणा चालवला. अर्ध्या तासाने कमी दाबाच्या स्विचने बर्नर बंद केला. जाळीच्या दाराशी गेलो तर दोन्ही सिलिंडरना खालून अर्ध्यापर्यंत दव आणि त्याच्याखाली पांढरं बर्फ. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, ती सिलिंडर बाहेरच्या हवेतून घेतो. गोव्याच्या उकाड्यातही १९ किलोच्या सिलिंडरमधून सतत ताशी किलोभर, फार तर थोडा जास्त गॅस निघतो, आणि आपण दोनकडून साडेपाच मागत होतो.

लगेच उपाय सुचवले गेले: गरम पाणी ओता, सिलिंडर आडवे करा, खाली शेगडी ठेवा. तिन्हींना ठाम नकार. आडवा केला तर लाइनमध्ये द्रव येतो आणि बर्नरपाशी तोच शेकडो पट फुगतो. चार सिलिंडर एकत्र जोडले. तापल्यावर बर्नर सतत पूर्ण ज्योतीवर राहत नाही, त्यामुळे चार पुरतात. पाचवा राखीव. मॅनिफोल्ड आणि दोन टप्प्यांचे रेग्युलेटर धरून २२ हजार.

कोंबड्या एकदम जास्त घातल्या की चरबी वितळून एकाच वेळी पेटते आणि तापमान बर्नर बंद असतानाही चढत राहतं. आता थोड्या थोड्या घालतो. खाली ८५० झाले की कंट्रोलर बर्नर थांबवतो.

२६ ऑक्टोबर

परतीच्या पावसातली गडगडाटी संध्याकाळ. भट्टी तापलेली असताना वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला काही मिनिटं लागली. गॅस दोन्ही व्हॉल्व्हनी लगेच बंद झाला, ते नीट झालं. पण पंखाही थांबला आणि भट्टीची धग उलट बर्नरच्या नळीत आली. ज्योत ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडच्या वायरचं आवरण वितळलं. नुकसान हजार-बाराशेचं.

बर्नर आणि भट्टी यांच्यामध्ये सरकता पडदा केला: उष्णता सोसणाऱ्या स्टेनलेस स्टीलची पट्टी, आतून सिरॅमिक फायबर, लांब दांड्याने हाताने ढकलता येणारी. वीज गेली की पहिलं काम पडदा ढकलायचं. पडदा पूर्ण उघडा असल्याचं लिमिट स्विच सांगतो, तोवर बर्नर सुरू होत नाही. डिचोलीतल्या वर्कशॉपमध्ये तयार करून घेतला. जनरेटर आपोआप सुरू होणारा करायचं मालकांनी मान्य केलंय.

८ नोव्हेंबर

गेले काही दिवस रोज चालते आहे. ६० किलोच्या घाण्याला गॅस सात-आठ किलो लागतो, वरचं डिझेल वेगळं. भट्टी सलग दोन दिवस वापरली तर दुसऱ्या दिवशी कमी लागतो, म्हणून मरतूक कमी असेल तेव्हा डीप फ्रीजरमध्ये साठवून सलग दोन दिवस जाळतात. धुरांड्यातून सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर काही दिसत नाही. शेजारच्या कुळागराचे मालक स्वतः येऊन बघून गेले.

सगळा खर्च दीड लाखाच्या आत आला, जनरेटरचं काम वगळून.

राहिलेली कामं: सिलिंडरच्या चौथऱ्यावर आणि भट्टीच्या शेडमध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर गॅस डिटेक्टर. मुलाने हात दाखवला तिथे, डोक्याच्या वर, लावायचा नाही. पेल्यातली बुडबुड्यांची चाचणी दर तीन महिन्यांनी, दोन्ही व्हॉल्व्हची वेगवेगळी, वहीत सही करून. दर महिन्याला चालू ज्योतीत इलेक्ट्रोडची वायर काढून बर्नर खरंच बंद होतो का ते पाहणं. पावसाळ्यापूर्वी अर्थिंग मोजणं. फिल्टर पहिल्या महिन्यानंतर उघडायचा होता, तो आज उघडला. तळाशी चिमूटभर काळा चुरा होता. साफ करून बसवला, जोड पुन्हा साबणाने पाहिला.